हिरडीचा फुटवा

आदिलाबादला मी दवाखाना उघडला, तेव्हा पाटीवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं: 'दंत व गम स्पेशालिस्ट'. ती पाटी तीन महिन्यांत उतरवावी लागली.

चूक माझी होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. शाळा नन्सची, कॉलेज हैदराबादचं. इंग्रजी 'गम'ला मराठीत हिरडी म्हणतात हे मला माहीत होतं, पण पाटीवर तो शब्द गावंढळ दिसेल असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी आला. पुढचे दोन दात हलत होते. खुर्चीत न बसताच म्हणाला, "बाई, तुमच्यापाशी दाताचा गम हाये म्हंते. हे दोन चिकटवून द्या. पोस्टातला लावून पाह्यला आमी. थुंकीनं सुटते."

त्यानंतर एक निवृत्त मुन्शी आले. पांढरी टोपी, हातात काठी, बोलणं अदबीचं. बराच वेळ बाकावर बसून राहिले आणि मग हळूच म्हणाले, "डॉक्टर साहिबा, बीवी को गुज़रे चार साल हो गए. आप सचमुच ग़म का इलाज करती हैं?"

त्यांना मी चहा दिला आणि संध्याकाळी रंगाऱ्याला बोलावलं. नवी पाटी लागली: 'दात आणि हिरड्यांचा दवाखाना'. खाली तेलुगूत आणि उर्दूतही तेच. मुन्शीजी पुढे दर महिन्याला दात साफ करून घ्यायला येऊ लागले. त्यांना दात सातच उरले होते, पण माझ्या सगळ्या पेशंटांत सर्वांत स्वच्छ सात दात त्यांचे होते.

ईशान आणि मीरा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू आयुष्यभर लोकांचे दात उपटलेस का?" तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती, म्हणून मी नुसतं "नाही" म्हणाले. या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितलं, तेव्हा ठरवलं की उत्तर इथेच लिहावं. बाकीच्या वाचकांनी आजी-नातवंडांचं बोलणं ऐकलं तर माझी हरकत नाही.

दात उपटणं हे माझं काम नव्हतं. दात उपटावा लागू नये, हे माझं काम होतं. दात हाडात उभा असतो आणि हिरडी त्याला गळ्याशी धरून ठेवते. ती सैल झाली, सुजली, खाली सरकली की चांगला धडधाकट दातही एक दिवस हातात येतो. कधी उलटही होतं. हिरडी इतकी वाढते की दातावर चढते. मग ती कापून तिला नीट आकार द्यावा लागतो. हे काम थोडं डॉक्टरचं आणि थोडं शिंप्याचं आहे. ब्लाउजचा गळा दोन सूत वर-खाली झाला तर बाई वेगळी दिसते. हिरडीचंही तसंच. दोन सूत कापली की चेहरा बदलतो.

पण कापायला कधी नाही म्हणायचं, हेही शिकावं लागतं. तहसील कचेरीतले एक पेशकार साहेब चक्क लेखी दरख्वास्त घेऊन आले होते. 'अर्जदाराच्या वरच्या हिरड्या काळसर असून जाहिरातीतल्या इसमाप्रमाणे गुलाबी करून मिळाव्यात.' खाली सही आणि तारीख. मी तपासलं. हिरड्या उत्तम होत्या. आपल्याकडच्या निम्म्या लोकांच्या हिरड्यांचा रंगच तसा असतो, त्यात आजार काही नाही. मी समजावलं, तरी ते हलेनात. शेवटी त्यांच्याच कागदाच्या कोपऱ्यात मी लिहिलं, 'नामंजूर. हिरड्या जशा आहेत तशा कायम.' आणि सही केली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि समाधानानं उठले. लेखी आल्यावर त्यांचा विषय मिटला होता.

आता जी गोष्ट सांगायला बसले, ती सांगते. ती पेशकारांच्या गोष्टीइतकी माझ्या कौतुकाची नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पैनगंगेकाठच्या एका गावातून एक म्हातारी आपल्या नातीला घेऊन आली. म्हातारीचं नाव तुळसाबाई. नात सुमन, एकोणीस वर्षांची, दहावी पास. आईबाप कापूस वेचणीत गुंतलेले, म्हणून आजी आली होती. सुमननं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं आणि ते सोडायला ती तयार नव्हती.

"डाक्टरीणबाई," तुळसाबाई म्हणाली, "पोट्टीचं तोंड पाहा व. दात जमिनीत चाल्ले तिचे."

माझ्या दवाखान्यात पोशव्वा नावाची बाई होती. खुर्ची, हत्यारं, पेशंट, मी, सगळं तीच सांभाळायची. ती निर्मलकडची. तेलुगू, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा ती एकाच वाक्यात बोलायची. तिनं सुमनच्या खांद्यावर हात ठेवला, कानात काहीतरी पुटपुटली, आणि पदर खाली आला.

मी तसं तोंड तोवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. वरच्या हिरड्या दातांवर चढून निम्म्याहून जास्त दात झाकले होते. समोरच्या दोन दातांची तर फक्त टोकं दिसत होती. अशा वाढीचं एक नेहमीचं कारण आम्हाला शिकवलेलं असतं.

"कोणतं औषध चालू आहे का हिला?"

तुळसाबाईनं दाराकडे पाहिलं. "कायचं औषध? काई नाई. धडधाकट हाये पोट्टी."

"आजी, मिरगीवरची एक गोळी असते. तिच्यानं अशीच हिरडी वाढते."

"हळू बोला व माय!" म्हातारी पुटपुटली. "बाहीर लोक बसून हायेत."

मग सगळं कळलं. तेराव्या वर्षापासून सुमनला फेफरं येत होतं. नागपूरच्या एका डॉक्टरांनी गोळी लावली आणि फेफरं थांबलं. पण हिरड्या वाढत गेल्या. गावात कुणाला मिरगीचं माहीत नव्हतं आणि कळू द्यायचं नव्हतं. मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली होती.

सुमन अजून एक शब्दही बोलली नव्हती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिनं पदर पुन्हा वर घेतला आणि पदराआडून म्हणाली, "शाळेत सारे हासत तं मी खाली पाहो. आता सवयच पडली."

मी नागपूरच्या डॉक्टरांना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं: हिरडी कापायला हरकत नाही, गोळी मात्र चालू राहिली पाहिजे. मी काम चार भागांत करायचं ठरवलं. दर आठवड्याला तोंडाचा एक भाग. सुई देऊन बधिर करायचं, वाढलेली हिरडी तिरप्या पात्यानं कापून दाताच्या गळ्याशी नेऊन बसवायची आणि वर औषधी लेप लावायचा. आठ दिवसांनी लेप काढला की खाली नवी, घट्ट हिरडी.

कापण्याचं हे सगळं मी तुळसाबाईला सांगितलं. ती घाबरलेली दिसली, म्हणून पोशव्वा तिला धीर द्यायला पुढे आली. "भयम् लेदु, अव्वा. चिगुरु कोस्तारु, अन्ते."

भीती नाही आजी, हिरडी कापतील, बस्स. एवढाच त्याचा अर्थ. पण तेलुगूत हिरडीला जो शब्द आहे, तोच कोवळ्या पालवीलाही आहे. आदिलाबादच्या बाजारात उन्हाळ्यात चिंचेचा कोवळा पाला विकायला येतो, त्याला सगळे चिगुरुच म्हणतात. तुळसाबाईला तेलुगू येत नव्हतं, पण बाजार येत होता.

"चिगुरु खुडणार?" ती उभीच राहिली. "मंग तं दुप्पट फुटन व बाई! हरभऱ्याचा शेंडा खुडला का दाही अंगानं फुटवा येते. पोट्टीचं तोंड फांद्याईनं भरून जाईन!"

मी हसले. हे लिहून ठेवते, कारण मी हसले नसते तर पुढे कदाचित वेगळं घडलं असतं. मला त्या म्हातारीच्या भाबडेपणाचं हसू आलं. पोशव्वा हसली नाही. तिच्या घरीही हरभरा पेरत असत.

पहिल्या आठवड्याला वरचा पुढचा भाग केला. लेप काढला तेव्हा मी सुमनच्या हातात आरसा दिला. ती हसली नाही. जिभेनं एकेक दात चाचपत राहिली. मग म्हणाली, "बाई, माहे एवढे मोठे दात व्हते?"

"तुझेच आहेत. मी फक्त पडदा वर केला."

चौथ्या आठवड्यापर्यंत तिचं सगळं तोंड मोकळं झालं. मी माझं काम पाहून खूश होते. दातांच्या गळ्याशी हिरडीची रेघ अशी सुरेख बसली होती की मी प्रत्येक पेशंटाच्या कार्डावर काढते तसं चित्र काढलं, लाल पेन्सिलनं, आणि पोशव्वाला दाखवलं.

शेवटच्या दिवशी त्यांना पुढची काळजी सांगायची होती. या आजारात गोळी चालू असताना दातांच्या गळ्याशी मळ साचला तर हिरडी पुन्हा वाढते. मळ साचू दिला नाही तर वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. हे कसं सांगावं? मला स्वतःच्या बुद्धीचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. मी म्हणाले, "आजी, तुमचं खरं आहे. खुडलं की फुटवा येतो. पण कधी येतो? खत मिळालं तर. खत बंद ठेवा, फुटवा येणार नाही."

तुळसाबाईचा चेहरा उजळला. "हे बराबर बोलल्या! खत बंद. कळलं."

मी सुमनला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं. हिरडीकडून दाताकडे, हलक्या हातानं. तिनं करून दाखवलं. दोघी बसस्टँडकडे गेल्या आणि मी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

तीन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. सुमन पदर खांद्यावर घेऊन आली. तोंडावर नव्हता. पोशव्वानं दारातच तिची हनुवटी धरली आणि तिला इकडे-तिकडे फिरवून पाहिलं. मी आरशानं बघितलं. एका दातावरही हिरडी चढलेली नव्हती. घट्ट, कोरडी, रक्त नाही, सूज नाही. गोळी चालू असताना इतका चांगला निकाल मी कधी वाचलाही नव्हता.

"शाबास," मी म्हणाले. "खत बंद ठेवलंत ना?"

"पहिल्या दिसापासून," तुळसाबाई छाती पुढे काढून म्हणाली. "एकबी दिवस नाई चुकला."

मी कार्डावर लिहिलं, 'निकाल उत्कृष्ट'. आणि लिहिता लिहिता मागे पोशव्वाचा आवाज ऐकला, "अम्मा!"

सुमनचे डोळे वर गेले होते. अंग ताठ झालं आणि मग सगळं शरीर झटके देऊ लागलं. मी हत्यारांचा ट्रे ढकलला, खुर्ची आडवी केली, तिला कुशीवर वळवलं. तुळसाबाई पायातली चप्पल काढून धावली. "हुंगवा! चप्पल हुंगवा व तिले!" पोशव्वाच्या हातात चमचा होता, दातांत घालायला. मी म्हणाले, "काही घालायचं नाही. कोणी काही करायचं नाही. फक्त डोकं धरा." भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. अशा वेळी डॉक्टरला करण्यासारखं फारसं नसतं, आणि ते 'फारसं नसणं' फार लांबतं. दीड मिनिटानं झटके थांबले. ती खोल श्वास घेऊ लागली.

पोशव्वानं तिच्या तोंडावरची लाळ पुसली. मी तुळसाबाईकडे वळले.

"गोळी आज घेतली होती का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "गोळी? तुमीच तं सांगतलं, खत बंद करा म्हून."

"मी मळाचं सांगितलं होतं. दातावरच्या."

"तुमीच म्हटलं नं पहिल्या दिवशी, ह्या गोळीनं हिरडी वाढते म्हून? मंग खत कोणतं? गोळीच नं? डबी म्या कणगीत लपवून ठेवली. पोट्टीले सापडू नये म्हून."

तिचं बोलणं तंतोतंत बरोबर होतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले होते, गोळीनं वाढते. शेवटच्या दिवशी म्हणाले, ज्यानं वाढते ते खत, ते बंद करा. दोन्ही वाक्यं माझीच. त्यांची बेरीज तिनं केली, आणि कुठल्याही समजूतदार माणसानं ती तशीच केली असती. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली होती, तो कागद माझ्या फाइलमध्ये नीट लावलेला होता. तुळसाबाईला ते मी कधी सांगितलंच नव्हतं.

सुमन थोड्या वेळानं उठून बसली. अजून गोंधळलेली होती. मी तिला पाणी दिलं. आजी बाहेर जाऊन रडत होती, पोशव्वा तिच्याजवळ होती.

"मधे आणखी आली होती का फिट?"

तिनं बोटं दाखवली. दोन. "वावरात आली. बाया लांब व्हत्या. उठली अन् घरी आली."

"आजीला सांगितलं नाहीस?"

"नाई."

"काऊन?" 'का'ऐवजी माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

तिनं हातातला पेला फिरवला. "मले समजत व्हतं बाई, गोळी बंद हाये म्हून येऊन राह्यली. पण दात दिसून राह्यले व्हते नं."

मी पुष्कळ पेशंटांना पुष्कळ गोष्टी समजावल्या आहेत. त्या दिवशी मी नुसता तिचा पेला पुन्हा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला आणि त्या दोघींना घेऊन बसनं नागपूरला गेले. डॉक्टर वयस्कर होते. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, उपमा कवींना शोभतात. आपण औषधाला औषध म्हणावं आणि मळाला मळ." मी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी जुनी गोळी पुन्हा सुरू केली आणि काही महिन्यांत हळूहळू ती उतरवून दुसरी लावायचं ठरवलं. दुसरीनं हिरडी वाढत नाही. पण तोवर जुनी घ्यायचीच.

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीशी बसली होती. पांढरकवडा मागे पडल्यावर तिनं विचारलं, "मंग परत वाढन?"

"थोडी वाढेल. मी परत कापीन."

"अन् परत वाढली तं?"

"परत कापीन. माझ्याकडे पाती पुष्कळ आहेत. पण तुझ्यासारखी तू एकच आहेस, म्हणून गोळी सोडायची नाही."

तुळसाबाई मागच्या सीटवरून म्हणाली, "म्या तं म्हटलंच व्हतं. खुडलं का फुटते." आता मात्र तिचं ऐकून मी हसले नाही.

पुढच्या चार-पाच महिन्यांत हिरडी थोडी वाढली. वरच्या पुढच्या भागात मी एकदा कापून दिली. मग नवी गोळी पूर्ण लागू झाली आणि वाढ थांबली. सुमन दोन वेळा दात इतके घासायची की मला सांगावं लागलं, बाई, भांडी नाहीत ती. त्या घटनेनंतर मी एक नेम केला. पेशंटला सांगून झालं की त्यालाच विचारायचं, "मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा." पोशव्वा त्याला परीक्षा म्हणायची आणि बाकावर बसलेल्यांना आधीच ओरडून सांगायची, "आत जाता जाता पाठ करा!" काही जण आतलं बोलणं बाकावरूनच ऐकून खरंच पाठ करून यायचे आणि माझ्याआधीच सगळं म्हणून दाखवायचे.

दिवाळीनंतर तुळसाबाई एकटीच आली. खुर्चीत नाही, माझ्या टेबलासमोर बसली.

"नदीपलीकडचं स्थळ आलं. घर चांगलं हाये. इतवारी पाहाले येऊन राह्यले. कोणी तुमाले विचारलं तं..."

"तर काय?"

"तं म्हणा, दात साफ कराले आल्ती."

"मी काही सांगणार नाही आजी. पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही हा माझ्या धंद्याचा नियम आहे. पण कोणी सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

"मंग त्या दिवशी तुमी गावालेच जा," ती वैतागून म्हणाली.

त्याच आठवड्यात सुमन तपासणीला आली. तपासून झाल्यावर मी तिला एवढंच सांगितलं, "नव्या घरात गोळी लपवून घ्यावी लागली तर एक दिवस चुकेल. पाहुणे असतील, सण असेल, डबी हाताशी नसेल. दोन दिवस चुकतील. मग विहिरीवर, चुलीपाशी, कुठेही. सांगायचं की नाही ते तूच ठरव. मी ठरवू शकत नाही." तिनं ऐकून घेतलं. पदर सारखा केला आणि बस गाठायला निघाली.

त्यानंतर आठवडाभर मला काही कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. पोशव्वा रोज सकाळी दार उघडताना म्हणायची, "एमी तेलियदु, अम्मा." काही कळलं नाही, अम्मा.

एका मंगळवारी बाजाराच्या दिवशी एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, ठसठशीत कुंकू, मोठा आवाज. नाव गोदाबाई. गाव नदीपलीकडचं. मिशरी लावून लावून हिरड्या काळ्या झाल्या होत्या आणि घासलं की रक्त यायचं. मी खुर्चीत बसवलं, दिवा लावला.

"तुमीच का व हिरडीवाली बाई?" त्यांनी विचारलं.

"हो. तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं ते बोलायला. "गेल्या इतवारी आमी पोट्टी पाहाले गेल्तो. माह्या लेकासाठी. इकडच्याच गावची. मी म्हटलं, पोरी, हासून दाखव. काई झाकून ठेवत नाई नं? तं हासली. मस्त हासली. मंग म्हंते, 'मामी, हे दात आदिलाबादच्या बाईनं उघडून देल्ले. पयले हिरडीनं झाकले व्हते, मिरगीच्या गोळीनं. मले मिरगी हाये. गोळी रोजची हाये.' तिच्या आजीच्या हातातून पोह्याची बशी पडली, खाली."

मी आरसा हातात धरून उभी होते. पोशव्वानं कापूस गुंडाळणं थांबवलं होतं.

"खरं हाये का?" गोदाबाईंनी विचारलं.

"तिनंच सांगितलं ना? मग मला कशाला विचारता?"

"अशी गोठ कोणी सांगते का व पाहाले आलेल्याले? येडी हाये का लय हुशार हाये, तेच पाहाले आली मी. माह्या दिरानं तं चपला घातल्या. चला म्हणे, मिरगीवाली पोरगी. मी म्हटलं, बसा. चा तं होऊ द्या."

"मग?"

त्यांचा आवाज खाली आला. "माही नणंद व्हती. तिलेबी हेच व्हतं. सासूनं लपवून लगन केलं तिचं. गोळी-बिळी काई नाई. कोणाले सांगाचं नाई. एक दिवस पाण्याले गेली विहिरीवर. तिथंच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मिशरी पुसतात तसं. "तिच्या सासरी कोणी सांगतलं असतं तं त्याईनं पाण्याले दुसरी बाई धाडली असती. एवढंच तं करा लागते."

मी दिवा पुन्हा त्यांच्या तोंडावर वळवला.

"तोंड उघडा आता," मी म्हणाले.

त्यांनी उघडलं. मी आरसा आत घातला, डाव्या बाजूचा मळ पाहिला, हत्यार उचललं. तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आरसा काढायला लावला.

"बाई, एक राह्यलं. ते गोळी जेवणाच्या आधी का मागून?"

पोशव्वा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"मागून," मी म्हणाले. "रोज. एकही दिवस न चुकता. उघडा तोंड."